मागच्या बाजूची तोटी

कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पगार किती होता आणि बोट कुठलं तुटलं. माझी सगळी बोटं शाबूत आहेत आणि पगाराचं बोलायला बायकोची परवानगी नाही. म्हणून तिसरंच सांगतो. विद्यापीठातली पोरं आमच्या कंपनीत 'सहकार्य' करायला आली होती, त्याचं.

आधी माझं काम काय होतं ते सांगायला पाहिजे, कारण माझ्या सासऱ्यांना ते मरेपर्यंत कळलं नाही. मी डेव्हलपमेंटचा फोरमन. कंपनी चिकलठाणा एमआयडीसीत, डेझर्ट कूलर आणि पत्र्याच्या टाक्या बनवणारी. नवी वस्तू बाजारात आणायची तर तिचा पहिला नग हातानं करावा लागतो. तो गळतो, डुगडुगतो, एखाद्याचा हात कापतो. मग त्याच्यातल्या खोडी काढून दुसरा करायचा, मग तिसरा. नग धड झाला की प्रॉडक्शनवाले तो घेऊन जातात आणि श्रेय साहेब घेऊन जातात. कागदावर रेघ मारली की पत्रा आपोआप वाकतो, अशी ऑफिसातल्या लोकांची समजूत असते. पत्रा वाकताना ताणला जातो, त्याचा हिशेब आधीच धरून कापावा लागतो. एवढं ज्याला जमलं त्याला आमच्यात मिस्त्री म्हणतात.

आमचं घराणं धनगराचं, दौलताबादच्या पायथ्याचं. मी पत्र्याच्या कामाला लागलो तेव्हा वडील म्हणाले, "मेंढरू मेलं तरी कातडं येतं. तुझा पत्रा मेल्यावर काय येतं रं?" मी म्हटलं, "भंगार." त्यांना ते पटलं. भंगाराला भाव असतो हे त्यांना ठाऊक होतं.

गाव तेव्हा औरंगाबाद होतं. चिकलठाण्याला जिकडं बघावं तिकडं नव्या कंपन्यांची गेटं उभी राहत होती. शेंद्र्याला तेव्हा नुसती ज्वारी. औरंगपुऱ्यातला चहावालासुद्धा गिऱ्हाइकाला चहाआधी विचारायचा, "तुमच्या कंपनीत जागा निघाल्या का?" आणि दुसरीकडं नामांतर पेटलेलं. विद्यापीठाला कुठलं नाव द्यायचं यावरून मोर्चे, बंद, संचारबंदी. खेड्यांत तर माणसांची घरं जाळली होती. आमच्या कंपनीचं यावर एकच धोरण होतं, त्या विषयावर बोलायचं नाही. कँटीनमध्ये कुणी 'विद्यापीठ' म्हटलं तरी समोरचा आमटीत लक्ष घालायचा.

अशा दिवसांत आमचे मोठे साहेब मुंबईच्या कुठल्याशा बैठकीहून परत आले आणि म्हणाले, "इंडस्ट्री आणि युनिव्हर्सिटीनं हातात हात घालून चाललं पाहिजे." साहेब मनानं वाईट नव्हते, फक्त बैठकीहून आले की आजारी पडल्यासारखे वागायचे. विद्यापीठात तेव्हा प्रॉडक्ट डिझाइनची काही पोरं शिकत होती. त्यातली चार आमच्याकडं धाडली. काम काय, तर आमचा कूलर देखणा करायचा. आमचा वेल्डर रशीदभाई म्हणाला, "क्या मिस्त्री, ये बच्चे कूलर का मेकअप करने कू आए क्या?"

पहिल्या दिवशी चहापानाचा कार्यक्रम झाला. विक्री खात्याचे बोरकर साहेब एकेकाची ओळख करून घेत होते. तिघा पोरांची नावं झाली, आडनावं झाली, बोरकर साहेब खूश. चौथी मुलगी होती.

"मंदा गायकवाड," ती म्हणाली.

"वा वा. कोणते गायकवाड?"

"औरंगाबादचे."

"ते झालं. मूळ गाव?"

"जालन्याकडं."

"तिकडं कुणाकडचे तुम्ही? म्हणजे घर कुठल्या आळीला?"

मंदा म्हणाली, "घर जळलं सर. सर, तुमच्या कूलरच्या पंख्याला पाती किती असतात?"

बोरकर साहेबांनी आयुष्यभर कूलर विकले होते, पण पाती मोजली नव्हती. त्यांनी बिस्किटाची बशी पुढं केली. मला ती पोर तिथंच आवडली.

तिघं पोरं कामाला लागली. कागद इतका सुंदर रंगवायची की भिंतीला लावावा. एकानं कूलरला रॉकेटचा आकार दिला. मी विचारलं, "पाणी कुठून भरायचं?" तो म्हणाला, "ते डिटेलिंगमध्ये येईल." मंदा मात्र कूलरकडं फिरकलीच नाही. ती शॉपमध्ये, म्हणजे आमच्या वर्कशॉपात, पिण्याच्या पाण्याच्या माठाजवळ स्टूल टाकून बसली.

तिथं आमचा गंगाराम पाणी वाढायचा. कंपनीचा नियमच होता, माठात कुणी हात घालायचा नाही, गंगाराम ओगराळ्यानं वरून पाणी ओतेल, आपण ओंजळीत घ्यायचं. नियमाचं नाव स्वच्छता. पेले ऑफिसात. दोन दिवसांनी मंदा माझ्याकडं आली.

"मामा, गंगारामदादांचा हात कधी खाली असतो, कधी लई वर जातो. असं का?"

मी म्हटलं, "दुखत असंल खांदा."

"मला पाणी देताना दुखतो. तुम्हाला देताना दुखत नाही."

मी माठापाशी जाऊन उभा राहिलो आणि बघितलं. खरंच की! माणूस समोर आला की गंगारामचा हात आडनाव बघून वर-खाली व्हायचा. बरं, त्याला विचारलं तर त्याला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगायला तयार होता. इतकी वर्षं मी तिथलंच पाणी पीत होतो आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. लाज वाटली.

मंदानं स्वतःचं काम स्वतःच ठरवलं. पिण्याच्या पाण्याची उभी टाकी करायची, खाली पायानं दाबायची पट्टी आणि छातीच्या उंचीला तोटी. पाय दाबला की पाणी, पाय काढला की बंद. पेला असो नसो, पिणाऱ्याला कुणाला मागायला नको. मी म्हटलं, तोटी जरा खाली घे, पत्रा कमी लागेल. ती ऐकेना.

"मामा, पिताना मान सरळ राहिली पाहिजे. माझी आई घरातसुद्धा वाकून ओंजळीनं पिते. समोर पेला भरून ठेवला तरी. सवयच लागलीय."

मग मी पत्र्याचं बोललो नाही. लागंल तेवढा लावला.

पहिला नग बघायला मोठे साहेब फोटोग्राफर घेऊन आले. साहेबांनी बूट पट्टीवर ठेवला आणि पाण्याची चिळकांडी सरळ त्यांच्या टायवर. रशीदभाई मागून म्हणाला, "साब, सहकार्य चालू हो गया." दुसऱ्या नगाची पट्टी बकरीसारखी ओरडायची. तिसऱ्याची तोटी बंदच होईना. मंदा आणि रशीदभाई दोघं जमिनीवर आडवे पडून पट्टीखालचा दांडा बघत बसायचे. मधेच विद्यापीठ बंद पडलं. मोर्चे निघाले, लाठीमार झाला, तिघं पोरं आपापल्या गावी निघून गेली. मंदा सायकलवर येत राहिली. वाटेत बंदोबस्त असला की पोलीस विचारायचे, कुठं चालली? ती सांगायची, "पाणी गळतंय, बंद करायला चाललेय." सोडायचे.

नग एकदाचा धड झाला आणि कंपनीपुढं खरं संकट उभं राहिलं. टाकी रंगवायची कुठल्या रंगात? मंदानं ड्रॉइंगवर निळा लिहिला होता, पाण्याचा म्हणून. बोरकर साहेबांना घाम फुटला. "निळा? या दिवसांत? लोक काय म्हणतील?" बैठक बसली. भगवा नको, त्याचा वेगळा अर्थ निघेल. हिरवा नको, शहागंजात खपेल पण बाकी गावात कोण घेणार? लाल म्हटल्यावर मोठे साहेबच दचकले, नुकताच युनियनचा संप मिटला होता. मी म्हटलं, पिवळा करा, आमच्या भंडाऱ्याचा. साहेबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा तोंड उघडलं नाही. शेवटी राखाडी ठरला. राखाडी रंगाला तेव्हा पक्ष नव्हता.

टाकीच्या पुढच्या बाजूला नावाच्या पट्टीवर 'विद्यापीठाच्या सहकार्याने' असं कोरायचं होतं. कुठलं नाव घालायचं, आताचं की मागताहेत ते? जुनं घातलं तर एका बाजूचे टाकी फोडतील, नवं घातलं तर दुसऱ्या. बोरकर साहेबांनी तोडगा काढला, 'एका शिक्षणसंस्थेच्या सहकार्याने'. ज्या सहकार्यासाठी साहेब एवढे नाचले, त्याचं नाव घ्यायचीही आमच्यात छाती नव्हती. मंदानं ती पट्टी वाचली आणि इतकंच म्हणाली, "छान बसलीय."

टाकी आमच्या शॉपमध्ये लागली, शेजारी पेले आले. गंगारामला गेटवर बसवलं. लोक उभ्यानं पाणी प्यायला लागले. पहिल्या दिवशी काही जणांनी पट्टी दाबून तोटीखाली ओंजळच धरली, मग एकमेकांकडं बघून हसले आणि पेला घेतला. मला त्या दिवशी लई बरं वाटलं. असं आयुष्यात फार वेळा वाटत नाही, म्हणून सांगतो.

मग टाकी बाजारात गेली आणि बोरकर साहेब अवाक् झाले. शाळा, कचेऱ्या, एसटी स्टँड सोडून ऑर्डरी यायला लागल्या खेड्यांतून. सरपंच स्वतः गाडी करून यायचे. साहेब म्हणाले, "बघा, ग्रामीण भाग किती पुढारलाय!" मलाही वाटलं, असंल बुवा.

एक सरपंच मला शॉपमध्ये येऊन भेटले. टाकीभोवती फिरले, पट्टी दाबून बघितली, खूश झाले.

"झाक काम केलंय फोरमन. आता कुणाचा हात भांड्याला लागायची भीती नाय. त्यांनी पायानं दाबावं, प्यावं, जावं."

"त्यांनी म्हणजे कुणी?"

"आता तुम्हाला काय सांगायचं! घरचेच तुम्ही. फक्त एक करा. मागच्या बाजूनं एक तोटी काढून द्या. पुढची आमची, मागची त्यांची. टाकी एकच, पाणी एकच बघा. आम्ही काय जुन्या विचाराचे नाय."

ज्या पोरीनं ओंजळ सुटावी म्हणून टाकी केली, तिचीच टाकी शिवाशीव सांभाळायला खपत होती! मी बोरकर साहेबांना सांगितलं. मला वाटलं, त्यांनाही धक्का बसेल. बसला, पण वेगळा. "अरे, मग हे दुसरं मॉडेल झालं! मॉडेल बी! अशा किती गावांची मागणी असेल!"

बैठकीला मंदालाही बोलावलं. तिचं शिक्षण संपत आलं होतं. कंपनी तिला डिझाइन खात्यात घेणार, असं साहेबांनी आधीच सुचवलं होतं. तिचे वडील मोंढ्यात हमाली करायचे, पाठीचा मणका गेलेला. तिच्या पाठीवर दोन भाऊ, अजून शाळेत. त्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार अजून कुणी बघितला नव्हता. त्यामुळं त्या नोकरीकडं ते घर डोळे लावून बसलं होतं, आणि हे साहेबांनाही माहीत होतं.

आता गंमत ऐका. त्या बैठकीत सगळे शिकलेले, सुधारलेले लोक. कुणाच्याच तोंडून खरी गोष्ट निघेना.

साहेब म्हणाले, "मिस गायकवाड, ग्रामीण ग्राहकाला... एक जादा तोटी हवी आहे. म्हणजे दोन. सगळ्यांच्या सोयीसाठी."

"दुसरी कुठं बसवायची सर?"

साहेबांनी बोरकरांकडं बघितलं. बोरकरांनी पंख्याकडं बघितलं. साहेब म्हणाले, "ते तुम्ही बघा. तुम्ही डिझायनर आहात. मॉडेल बीचं ड्रॉइंग झालं की तुमच्या नोकरीची ऑर्डर काढतो."

बाहेर आल्यावर मीच तिला सरपंच काय म्हणाला ते सांगितलं. तिला कळलेलंच होतं. मी म्हटलं, "पोरी, काढून दे. नोकरी घे, मग भांड. गेटाबाहेरच्याचं भांडण वॉचमनच ऐकतो."

ती म्हणाली, "बघते मामा."

ड्रॉइंग आलं. साहेबांनी दोन तोट्या मोजल्या आणि सही केली. साहेब लोक ड्रॉइंगमध्ये फक्त सहीची जागा शोधतात. माझ्या हातात ते आलं तेव्हा मी एका नजरेत ओळखलं. दोन्ही तोट्या पुढंच. शेजारी शेजारी, प्रत्येकीला आपली पायपट्टी, एक मोठ्यांच्या उंचीला, एक लेकरांच्या. मागं नुसता कोरा पत्रा. मंदा शेजारीच उभी होती.

"मामा, त्यांनी दोन सांगितल्या. कुठं, ते त्यांना तोंडानं म्हणवलं नाही."

"अगं, नोकरी जाईल!"

"जाईल की."

मी रशीदभाईला ड्रॉइंग दिलं. तोही बघत राहिला, मग म्हणाला, "हौ, बराबर है. मैं तो कागज देखके वेल्डिंग करता." आम्ही पहिला लॉट केला आणि माल गावोगाव गेला.

आठवडाभरात बोंबाबोंब. साहेबांनी मंदाला आणि मला केबिनमध्ये घेतलं.

"दोन्ही पुढं कशा?"

"मग कुठं पाहिजे होत्या सर?"

"अहो, असं काय करता! तुम्हाला समजायला पाहिजे."

"नाही समजलं सर. तुम्ही सांगा ना."

बोरकर साहेब ओरडले, "अगं, मागं! मागं!"

"का बरं?"

बोरकर साहेब केबिनमधल्या कूलरचं बटण फिरवायला उठले. साहेब घसा खाकरून म्हणाले, "पुढं पाणी सांडतं. चिखल होतो." मग म्हणाले, "सोमवारपर्यंत एक तोटी मागं घेतलेलं ड्रॉइंग द्या, नाहीतर मला दुसऱ्या विद्यार्थ्याचा विचार करावा लागेल."

मंदा म्हणाली, "आधी एकदा गावात बसवलेली टाकी बघून येते." साहेबांना तेवढ्यातही बरं वाटलं. "फील्ड स्टडी! जरूर जा. फोरमन, तुम्ही घेऊन जा."

गावात काय झालं ते सांगतोच, पण मॉडेल बीचं पुढं काय झालं ते आधी उरकतो. मंदानं ते ड्रॉइंग दिलं नाही. गावाहून परतलेल्या रॉकेटवाल्या पोरानं मागची तोटी तासाभरात काढून दिली, छाया-प्रकाशासकट, आणि ती नोकरी त्याला लागली. पण मागच्या तोटीच्या त्या मॉडेल बीला एकही गिऱ्हाईक आलं नाही, कारण गावांनी तोवर स्वतःची सोय करून घेतली होती आणि ती साहेबांच्या मॉडेलपेक्षा स्वस्त होती. सहकार्याचा समारोप शाल-श्रीफळानं झाला. साहेबांनी भाषणात 'सामाजिक बांधिलकी' हा शब्द वापरला आणि मी चहा घ्यायला बाहेर गेलो. मंदाचे दोन्ही भाऊ पुढं शिकले, पण मधली दोन-तीन वर्षं तिच्या घरानं फार वाईट काढली. बापाला पुन्हा पोती उचलावी लागली. मला अजून वाटतं, तिनं ते ड्रॉइंग देऊन टाकायला पाहिजे होतं. आणि दुसऱ्याच क्षणी वाटतं, बरं झालं नाही दिलं. माझं नक्की होत नाही. ती पुण्याला गेली, आता अपंगांसाठी खुर्च्या आणि गाड्या बनवते. सणाला फोन येतो.

तर ते गाव. माझ्या लुनावर मागं बसून ती आली. चावडीपुढं आमची राखाडी टाकी उभी होती. आणि दोन तोट्यांच्या बरोबर मधून भिंत बांधलेली. विटांची, मातीत रचलेली, टाकीला घट्ट चिकटवून पुढं चार पावलं काढलेली आणि माणसाच्या डोक्याच्या वर. मोठ्यांच्या तोटीच्या बाजूला फरशी, लेकरांच्या तोटीच्या बाजूला चिखल. तिकडच्या मोठ्या माणसांना लेकरांच्या तोटीशी वाकूनच प्यावं लागत होतं.

मला तिच्याकडं बघवेना. कंपनीची, साहेबांची, त्या गावाची, सगळ्यांची मलाच शरम वाटली. मी म्हटलं, "चल पोरी, जाऊ. बघितलं ना."

ती गेली नाही. पिशवीतून टेप काढला आणि भिंत मोजायला लागली. लांबी, उंची, जाडी. मग फरशीच्या बाजूला जाऊन पट्टीवर पाय ठेवला, पिशवीतला पेला भरला आणि उभ्यानं, सावकाश पाणी प्यायली. तेवढ्यात तेच सरपंच धोतर सावरत आले. माझ्यापुढं घडाघडा बोललेला माणूस, तिच्यापुढं अडखळला.

"बाई, ही तोटी... ती... आमचं असं हाय..."

"काय सरपंच?"

"काय नाय. म्हटलं, हिचं पाणी गार हाय."

"व्हय, गार आहे," ती म्हणाली आणि तोंड पुसलं.

लुना चालू केली तरी ती भिंतीकडंच बघत होती. मला वाटलं, रडंल. मी म्हटलं, "मंदा, वाईट नको वाटून घेऊस. एवढं सगळं करून शेवटी त्यांनी भिंतच घातली."

"आधी त्यांचं नुसतं नजरेनं भागत होतं, मामा," ती म्हणाली. "आता विटा आणाव्या लागल्या."